गवतांची भावकी
नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि गवतांवर पीएच.डी. करत होते. इंदापूरकडचे माळ तुडवून मी एक तक्ता केला होता: जमीन जितकी कोरडी, तितकं गवताचं कुसळ लांब. एकेक जात हेच सांगत होती. मी जाम खूश होते.

प्रबंध टायपिंगला देण्याआधी लासुर्ण्याला घरी गेले. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं कधीच विकून ऊस लावला होता; पण कुसळं त्यांनी जन्मभर लोकरीतून उपटली होती. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना तक्ता वाचून दाखवला.

"लांब कुसळाची ही समदी येकाच भावकीतली न्हाईत का?" आबांनी विचारलं. "आमी येका मेंढीच्या समद्या लेकी-नातींच्या कानाला येकच खूण करायचो. कळपात काटक किती बघताना खुणा मोजायच्या, डोकी न्हाय. न्हायतर येकच म्हातारी धा येळा मोजली जाती."

"आबा, हे शास्त्र आहे. मेंढरं राखणं नाही," मी फटकारलं. ते उसाला पाणी द्यायला निघून गेले.

काही महिन्यांनी परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. आक्षेप तोच, फक्त इंग्रजीत. सोबत एका नव्या पद्धतीच्या लेखाची झेरॉक्स. गवतांचा वंशवृक्ष काढायचा आणि प्रत्येक फाट्यावर सख्ख्या बहिणींचीच तुलना करायची: दोघींतली जी जास्त कोरड्यात वाढते, तिचं कुसळ खरंच लांब आहे का? वर्षभर मी तेच केलं. कधी लांब होतं, कधी आखूड. कोरड्यातल्या त्या साऱ्या जातींना लांब कुसळ एकाच पूर्वजाकडून आलं होतं. माझे सगळे साक्षीदार एकाच घरचे निघाले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

पदवी मिळाली, पण कुसळाचा दावा खोडून, नव्याने लिहिलेल्या प्रबंधावर. सांगायला घरी गेले तेव्हा ओट्यावर भावकीतली चार माणसं बसली होती.

"मग तुझं कुसळाचं खरं निघालं म्हणायचं," आबा म्हणाले.

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"व्हय, आबा," मी म्हणाले.

"म्या उगंच मधी बोललो हुतो त्या दिशी," आबा त्या लोकांना हसत सांगू लागले. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मी त्यांना अडवलं नाही.