एकाच दिशेच्या रेघा

उत्तरेश्वर माळवदे यांनी नोकरीभर एकच काम केलं, माल नाकारण्याचं. हडपसरच्या एका पंपांच्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. मशिनवरून आलेला नग हातात घ्यायचा, गेज लावायचं, उजेडाकडे धरून फिरवायचा आणि जरा कुठं चुकलेला दिसला की लाल रंगाचा फराटा मारून बाजूला टाकायचा. कामगार त्यांच्यावर खार खाऊन असत, पण त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही. पुढे बाहेरच्या कंपन्या देशात आल्या, पंप स्वस्त झाले, आणि व्हीआरएस घ्या म्हणून सगळ्यात आधी ज्यांना केबिनमध्ये बोलावलं, त्यांत माळवदे होते.

वारज्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा दिवस सरता सरेना. आणलेल्या भेंड्यांतल्या निम्म्या ते परत पाठवायला निघत. त्यांची बायको मुक्ताई एकदा म्हणाल्या, "अहो, आता फराटा मारायची मी तेवढी राहिलेय. उरकून टाका."

मग एका रविवारी जुन्या बाजारात, गंजलेले पाने आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्यात, त्यांना एक निळ्या नक्षीची बशी दिसली. कुणी इतकं सफाईनं काम केलंय, एवढ्यासाठीच त्यांनी ती उचलली. मुलगा तेजस आयटीत होता. बंगलोरला जाताना त्यानं घरी कॉम्प्युटर आणि इंटरनेट लावून दिलं होतं. त्यावर शोधता शोधता कळलं, की बशी चिनी होती आणि दीड-दोनशे वर्षांपूर्वीची होती. माळवद्यांना पुन्हा काम मिळालं.

ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या दोन वस्तूंनी त्यांना साफ गंडवलं. बुडाशी चिनी बादशहाचं नाव होतं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला, आणि मग वाचलं, की जुन्या बादशहांची नावं नंतरचे कारागीर सर्रास घालत, कुणी आदरानं, कुणी फसवायला. त्यानंतर ते नावाकडे बघेनासे झाले. विकणाऱ्याकडून ते बुडाचा फोटो मागत, खिडकीच्या उजेडात काढलेला. झिलई नसलेली बुडाची कड चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखी सगळीकडे सारखीच तपकिरी असेल तर नको. वापराचे ओरखडे कसेही, वेडेवाकडे पडतात, ते जर सगळे एकाच दिशेनं असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर मारलाय. फोटो दुसऱ्याच वस्तूचा नाही ना, म्हणून शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवायला सांगत. माल घेतलाच, तर भिंगातून झिलईतले बुडबुडे बघत. संग्राहकांच्या एका वेबसाइटवर लोक त्यांना फोटो पाठवू लागले. 'माळवदेसर काय म्हणतात?' असं तिथं विचारलं जाई. माळवदेसर बहुतेकदा 'नको' म्हणत.

कलकत्त्याच्या मिसेस ल्यू त्यांना तिथंच भेटल्या. चिनी कुटुंबातली विधवा बाई, मुलगी कॅनडाला, घर मोठं आणि रिकामं होत चाललेलं. त्या एकेक वस्तू काढत, कधी कप, कधी झाकण नसलेली बरणी. माळवद्यांनी त्यांच्याकडून चार-पाच वस्तू घेतल्या आणि एकीतही खोट निघाली नाही. पहिल्या फोनला माळवदे अंघोळीला गेले होते, म्हणून तो मुक्ताईंनी घेतला. तेव्हापासून फोन मुक्ताईंचाच झाला. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं होतं. गुडघे, मुलं, लोणच्याला बुरशी का येते, सगळं बोलून व्हायचं. मुक्ताई त्यांना 'ल्यूताई' म्हणत. "त्यांना ताईचा अर्थ तरी माहितीय का?" माळवद्यांनी विचारलं. "तुम्हाला माहितीय ना, पुरे झालं," मुक्ताई म्हणाल्या.

मग तो वाडगा आला. मिसेस ल्यूंनी या वेळी बुडाचा फोटो पाठवलाच नव्हता, आणि ओळखीचं माणूस म्हणून माळवद्यांनीही मागितला नव्हता. गुलाबी फुलांचा, अंड्याच्या टरफलासारखा पातळ. कडेखाली झिलईत मिरीएवढा काळा ठिपका होता. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उलटा केला, आणि त्यांचा चेहरा उतरला. बुडाची कड सगळीकडे सारखीच तपकिरी होती. भिंग लावलं. ओरखडे बारीक, दाट, आणि सगळे एकाच दिशेनं.

"फसवलं," ते म्हणाले. "चार खऱ्या दिल्या, विश्वास बसवला, आणि मग हा."

"आधी फोन करून विचारा तरी."

"कंपनीत मी कधी नगाला विचारलं नाही, तू असा का म्हणून."

त्याच दुपारी त्यांनी वेबसाइटवर सगळं लिहिलं, फोटोंसकट, मिसेस ल्यूंच्या नावासकट. बनावट जुनेपणा कसा ओळखावा याचा तो धडाच झाला. लोकांनी वाहवा केली. वाडगा त्यांनी परत धाडला.

दोन दिवसांनी ल्यूताईंचा फोन आला. मुक्ताई ऐकत राहिल्या, मधेच 'हां, हां' म्हणत राहिल्या. ठेवल्यावर म्हणाल्या, "तो वाडगा सासऱ्यांच्या फोटोपुढं असायचा म्हणे. दगडी फडताळावर. रोज सकाळी पुढं ओढायचा, संत्री ठेवायची, परत मागं सरकवायचा. सासू करायची, मग ही करायची. शेजारी तेलाचा दिवा असायचा, तेल बुडापर्यंत ओघळायचं."

माळवद्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. मग म्हणाले, "प्रत्येक विकणाऱ्याकडं गोष्ट असते."

"ती रडत होती."

"तेही करतात."

मिसेस ल्यूंनी पैसे परत केले आणि वेबसाइटवरचं त्यांचं खातं बंद झालं. मुक्ताईंनी पुढे फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करायचा, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मुंबईत एका लिलावाच्या वस्तू आधी बघायला ठेवल्या होत्या, म्हणून माळवदे गेले. काचेच्या पेटीत गुलाबी फुलांचा वाडगा होता. त्यांनी वाकून कडेखाली पाहिलं. मिरीएवढा काळा ठिपका. खाली चिठ्ठी होती: अठरावं शतक, कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातून. शेजारी परदेशातून आलेले तज्ज्ञ कुणाला तरी सांगत होते, अशी वस्तू दहा वर्षांत पाहिली नाही.

वाडगा लिलावात ठेवणारा व्यापारी तिथंच उभा होता, खुशीत. माळवद्यांनी विचारलं, हा मिळाला कुठं?

"किस्मत, साहेब! पुण्याच्या कुणा जाणकारानं नेटवर लिहून टाकलं, नकली आहे म्हणून. मी ते छापूनच बाईसमोर ठेवलं. बाईनं वाचलं, घडी घालून परत दिलं. घर आवरायला काढलं होतं, इतर भांड्यांबरोबर देऊन टाकला." तो हसला. "तुम्ही कुठले?"

"वारज्याचा," माळवदे म्हणाले. पुण्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

घरी येऊन त्यांनी मुक्ताईंना सगळं सांगितलं, काही न लपवता. मुक्ताईंनी हातातली पळी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि कलकत्त्याचा नंबर लावला. कुणी तरी पुरुष बोलला. ल्यूबाई गेल्या, म्हणाला. कॅनडाला? नाही, कॅनडाला नाही. पावसाळ्यात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात गेल्या त्या गेल्याच. तो शेजारचा होता, घराची किल्ली आता त्याच्याकडं होती.

माळवदे कॉम्प्युटरपुढं बसले. आपण चुकलो, वाडगा खरा होता, बाई सचोटीची होती, असं त्यांनी वेबसाइटवर लिहिलं. फडताळ, संत्री, दिवा, सगळं लिहिलं. जुना मजकूर काढून टाका अशी विनंतीही केली. पण तो आता शेकडो लोकांनी जपून ठेवला होता, नवख्यांना तोच वाचायला देत. उत्तरं भराभर आली. लिलाववालेही फसतात, एकानं लिहिलं. दुसऱ्यानं त्यांचेच फोटो मोठे करून रेघांवर बाण काढले आणि समजावलं, की सर, या सगळ्या एकाच दिशेनं आहेत, बघा. तिसऱ्यानं काळजीनं विचारलं, सरांवर कुणी दबाव तर आणला नाही ना? माळवद्यांनी तीनदा उत्तर लिहिलं. मग थांबले.

कपाटातल्या मिसेस ल्यूंच्या वस्तू मुक्ताईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. माळवद्यांनी त्यांना अडवलं नाही. त्या रात्री जेवताना मुक्ताईंनी एकदाच विचारलं, "तो खरा होता, हे तिला शेवटी कळलं असेल का हो?"

"तिला ते माहीतच होतं," माळवदे म्हणाले.

मुक्ताईंनी त्यांच्या ताटात भात वाढला. दोघं खाली बघून जेवत राहिली.