फाटकाच्या खड्ड्यात पाणी कोणी घातलं?

लग्न होऊन रेल्वे फाटकाच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझं वय वीस, आणि अक्कल त्याच्या निम्म्यानं. मिरची लावायला म्हणून फाटकाच्या खोलीमागचा एक खड्डा उकरला... आत काय, तर मीठ आणि कोळसा! झालं, थोरल्या जावेनं करणी केली अशी माझी खात्रीच पटली. सगळं नेऊन ओढ्यात टाकलं, वरून लिंबू उतरवला. वळवाची पहिली वीज कडाडली आणि फाटकाच्या फोनमधून जाळ निघाला. फोन आमच्या ह्यांच्या कानाला! आठ दिवस तो कान बधिर. मग त्यांनी कपाळावर हात मारून सांगितलं की तो अर्थिंगचा खड्डा. तारेनं आलेली वीज तिथं जमिनीत जिरते, मीठ-कोळसा ओल धरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात त्यात रोज कळशीभर पाणी घालायचं असतं.

त्या दिवसापासून करणी, भूतबाधा सगळ्यावरचा माझा विश्वास साफ उडाला. म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझी मुलगी सुमन आता त्याच फाटकावर ड्युटी करते, गडमुडशिंगीतल्या आमच्या घरापासून चार किलोमीटरवर. मी न्हाणीत घसरलेली, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. दुपारी तीनला आभाळ काळंकुट्ट झालं. मी लगेच सुमनला मोबाईल लावला, खड्ड्यात पाणी घातलंस का? तर म्हणाली, टँकर दोन दिवस आलेला नाही, प्यायला एक बाटली उरलीय, खड्ड्याला भेगा पडल्यात. आणि गाडीची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

गाडी यायच्या आधी फाटकाच्या फोनवरून स्टेशनशी बोलावंच लागतं. म्हणजे पोरीच्या कानाला तो फोन, आणि खड्डा कोरडा! मी उठायला बघत होते, सून मला दाबून धरून बसलेली. "आत्ती, गप पडा की, दुसरा पाय मोडून घ्यायचाय काय?" मग काय... डोळे मिटले आणि मनातल्या मनात दहा वेळा कळशी भरून नेली.

आणि वीज कडाडली! फाटकालगतच्या खांबावरच पडली. सुमनच्या कानाला तेव्हा फोन होता. तिला काही म्हणजे काही झालं नाही — बल्ब लुकलुकला, एवढंच.

पाऊस आलाच नाही, ढग पन्हाळ्याकडे निघून गेले. संध्याकाळी तपासायला आलेल्या मेंटेनरनं मीटर लावला आणि चकितच झाला. खड्ड्यात घोटाभर चिखल! टँकर नाही, नळ नाही, फाटकावर दुसरं माणूस नाही. वर्ष झालं, मी डोकं खाजवतेय.

वीज पडल्यावर पाचच मिनिटांत सुमनचा फोन आला होता. तिचं बोलणं जसंच्या तसं देते :

"आई, डोक्यावर कळशी घिऊन आलीस, खड्ड्यात वतलीस, खिडकीतनं मी हाक मारली तर नुसती हसलीस... जरा थांबून च्या घिऊन जायचं न्हाय व्हय?"