जायफळाची थंडी

"किती उतरला?"

सकाळी मी गच्चीवरून खाली आलो की काका फाटकाशी उभे असायचे. चहा झाला का वगैरे काही नाही, थेट पारा. तुम्ही म्हणाल, बदलापुरात कसली आलीय थंडी! उल्हास नदीच्या काठाने एकदा पहाटे हिंडून बघा, मग बोला.

गच्चीवर तापमापक टांगून ठेवणं हा माझा रिकामटेकडा छंद. आणि शेजारी काकांच्या अंगणात जायफळाचं झाड, माझ्या डोक्याइतकं उंच. त्यांच्या कोकणातल्या घरचं मूळ झाड वादळात पडलं. त्याच्या बियांतलं एवढं एकच जगलं होतं. थंडी म्हणजे त्याचा कर्दनकाळ. काकांनी जन्म काढला अंबरनाथच्या कारखान्यात, भट्टीसमोर. पण पौषात त्यांचा चेहरा बघवत नसे. मी बाराच्या खाली सांगितलं की संध्याकाळी चार बांबूंवर गोणपाट बांधायचे, सकाळी सोडायचे. "पान काळं पडलं की संपलं रे," म्हणायचे आणि एकेक पान चाचपायचे, पोराचा ताप बघावा तसं.

त्या वर्षी त्यांना दम्याने धरलं. गारठ्यात स्टुलावर चढून खोकत गोणपाट बांधायचे, आणि मला धडकी भरायची. शेवटी त्यांच्या सुनेने मला गाठलं, दादा, जरा वाढवूनच सांगत जा ना. दुसऱ्या दिवशी पारा अकरावर होता. मी म्हटलं, "चौदा."

काका हसले. त्या संध्याकाळी घरात बसून राहिले.

दुसऱ्या पहाटे पारा साडेनऊवर. मी दोनदा चष्मा पुसला. जिना उतरलो तो उशिराच.

आठवड्याभरात शेंडा काळा पडला, मग पानं गळाली. काका नुसत्या फांद्या चाचपत होते. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं यंत्र बिघडलंय. नवीन घे."

मी म्हटलं, "घेतो." भित्रा कुठला! त्यानंतर त्यांनी पारा कधी विचारला नाही.

पावसाळ्यात काका गेले. पुढे महिन्याभराने बुंध्याशी एक कोंब दिसला.

नवीन तापमापक घेतला मी, जुन्याशेजारी टांगला. थंडी सुरू झाली की जीव मुठीत धरून वर जातो. पंधरा असला तरी संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन गोणपाट बांधून येतो. फाटकाशी कोणी नसतं.

दोन्ही तापमापकांत आकडा रोज एकच असतो.