शांत खोलीतलं प्लास्टिक

मंडळी, आज आमच्या इथल्या, कुवेतमधल्या शाळेतल्या ‘शांत खोली’ची तपासणी झाली. अजून हसू आवरत नाहीये, म्हणून जेवणाआधीच लिहितेय.

आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी अशी खोली हवीच, नाहीतर त्यांना शाळेत ठेवता येणार नाही, असा नियम आलाय. मी त्याच मुलांची टीचर. राई भागातल्या फर्निचरच्या शोरूममधून छान मऊ खुर्च्या आणल्या. पण आमच्या प्रिन्सिपल देशपांडे मॅडमनी बजावलं, “प्लास्टिक काढायचं नाही हं! इथे धूळ किती येते!”

सकाळी तपासणीला शिक्षण मंत्रालयाच्या कुवेती बाई आल्या. खोली बघून खूश झाल्या, खुर्चीत बसल्या. चर्रर्र!

माझ्या वर्गातल्या सानियानं दोन्ही कान गच्च धरले. खोली मुळात तिच्याचसाठी.

“स्टँड अप!” ती ओरडली.

बाई घाबरून उठल्या. उठतानाही चर्रर्र!

मी म्हटलं, गेली आपली खोली आणि गेली सानियाची शाळा. तोवर सानियानं खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडायला घेतलं. मॅडम “अगं, नवीन आहे ते!” म्हणेपर्यंत बाईंनीच दुसरं टोक धरून ओढलं.

“खलास,” त्या हसून म्हणाल्या, “आता झाली शांत खोली.”

पास!

घरी आले, ह्यांना सगळं सांगत सोफ्यावर टेकले. चर्रर्र! चिपळूणच्या घरी न्यायचाय म्हणून आमचा सोफा घेतल्यापासून गुंडाळलेलाच आहे.

हे शांतपणे म्हणाले, “स्टँड अप.”

खरं सांगा, तुमच्याकडे काय काय अजून प्लास्टिकात आहे? टीव्हीचा रिमोट त्यात धरू नका, तो सगळ्यांचाच असतो.