तीन डब्यांतलं एकच औषध

गल्लीत तिला सगळे काजंवाली आत्या म्हणत. नवरा कटिंग मास्तर. तो कापायचा, कारागीर शिवायचे आणि शर्टांची काजं आत्या हाताने करायची. तीस वर्षं हेच. घड्याळाकडे ती बघत नसे. दोन शर्ट झाले की चहा, चार झाले की चूल.

बटणं ती कार्डावर ठेवत नसे. आणली की कार्डावरून काढायची आणि रंग बघून पत्र्याच्या डब्यांत टाकायची. गोळ्यांचंही तसंच. मास्तरांची बोटं कात्रीने वाकडी झालेली, त्यांना पाकिटातली गोळी निघायची नाही. म्हणून गोळ्या आणल्या की आत्या सगळ्या सोलून ठेवी. पिवळ्या सर्दीच्या, पांढऱ्या तापाच्या, गुलाबी अंगदुखीच्या. पाकिटं केरात.

शाळेच्या गणवेशांची घाई होती आणि मास्तर तापाने आडवे झाले. नाक वाहतंय, अंग ठणकतंय.

"डॉक्टरकडे जाऊ या का हो?"

"सर्दीला कसला डॉक्टर? तुझं दुकान आहे की घरात."

तीन दुखणी, तीन डब्या. दर दोन शर्टांमागे आत्या प्रत्येक डबीतली एकेक गोळी देत गेली. ताप उतरायचा, मास्तर हसायचे. मात्र अन्नाला शिवत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळची गोळी पोटात राहिली नाही. उलट्या सुरू झाल्या, बरगडीखाली हात लावू देईनात. मुलीने रिक्षा बोलावली.

दवाखान्यातली डॉक्टरीण मुलीच्या वयाची. रक्ताचा कागद बघून तिने मान वर केली. "लिव्हरला मार बसलाय. काय काय दिलंत?"

आत्याने पिशवीतून तीन डब्या काढल्या. डॉक्टरणीने गोळी उलटीपालटी केली. "यांची पाकिटं?"

"टाकली."

"कधी कधी दिल्या? किती? मावशी, मला अंदाज नको, आकडा हवाय."

आत्याने बोटांवर शर्ट मोजून पाहिले, जमलं नाही. मग तिने मुलीला कोपऱ्यात ओढलं. "घरी जा. ताप आल्यापासून झालेले शर्ट खुंटीवर आहेत, ते मोज. येताना मेडिकलवाल्याला या तिन्ही दाखव, काय काय आहेत ते लिहून आण."

मुलगी तासाभराने धापा टाकत आली. "चोवीस शर्ट, आई."

"म्हणजे बारा वेळा," आत्या म्हणाली. "दर वेळी तीन. तीन दिवसांत."

"छत्तीस," डॉक्टरीण हळूच म्हणाली. मेडिकलवाल्याची चिठ्ठी तिने दोनदा वाचली. "तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. सर्दीच्या गोळीतसुद्धा तापाचं औषध असतं, मावशी. रंग वेगळे, औषध तेच. दिवसाला चालतं त्याच्या दीडपट-दुप्पट गेलंय, तेही उपाशी पोटी."

"पण मी तर वेगवेगळ्या..." आत्या खाली बसली.

"आकडा दिलात, तो उपयोगी पडेल. उताऱ्याचं सलाइन लगेच लावते. दोन दिवस मात्र मी काहीच सांगू शकत नाही."

ते दोन दिवस आत्या पलंगाच्या कडेला रिकाम्या हातांनी बसून होती. मास्तरांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तिसऱ्या सकाळी रक्ताचे आकडे खाली आले. संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या हातून झालं हे. एकच औषध मी तुम्हाला तीनदा चारलं."

मास्तरांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"मी मागितलं म्हणून दिलंस ना," ते म्हणाले. "माझ्या हातून कापडाचं ठाण चुकीचं कापलं गेलं की तू कधी गल्ली गोळा केली नाहीस."

तेवढ्यात सिस्टर वाटीत एक गोळी घेऊन आली. मास्तरांनी तोंड उघडलं. आत्याने मध्ये हात घातला.

"सिस्टर, राग मानू नका. ही कशाची? नाव सांगा."

"पोटाची आहे हो आत्या, तापाची नाही," असं म्हणून सिस्टरने नाव सांगितलं. आत्याने ते दोनदा स्वतःशी म्हटलं, मुलीला लिहून घ्यायला लावलं. मास्तर तोंड उघडं ठेवूनच वाट बघत होते.

"मिटा आता," ती म्हणाली. "लिहून होऊ दे."