कुलूपबंद गावातली तापीबाई

१९०७ सालच्या पौषात नंदुरबारात उंदीर मरून पडू लागले आणि आठ दिवसांत गाव रिकामं झालं. प्लेग आला की घर सोडून बाहेर राहायला जायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. धानोऱ्याच्या वाटेवर, कापूस निघालेल्या शेतांत तुरकाठ्यांच्या झोपड्या उठल्या. लोकांनी गुरं नेली, शेळ्या नेल्या, पाटा-वरवंटासुद्धा नेला. कुत्री मात्र न्यायची नाहीत, असं पंचांनी ठरवलं. ती मेलेले उंदीर खातात, झोपड्यांत रोग आणतील, अशी सगळ्यांना धास्ती होती.

तापीबाई भोईण माझ्या आईच्या गल्लीत राहायची. चाळिशीची, विधवा, घरोघर पाणी भरणारी. उंच, काटक, बोलणं मोजकंच. तिचं स्वतःचं कुत्रं नव्हतं, पण रोजच्या खेपांमुळे प्रत्येक दारातलं कुत्रं तिला ओळखायचं. ही हकिकत आईने मला कितीतरी वेळा सांगितली. दर वेळी सांगताना तिचा आवाज आपोआप हळू व्हायचा.

गाव सोडून चार दिवस झाले आणि तापीबाई टोपली घेऊन झोपड्यांपुढून फिरू लागली.

"तुमना लाल्यानी भाकर द्या," ती म्हणायची. पुढच्या दारात, "तुमनी चांदीनी भाकर."

ही मागे राहिलेल्या कुत्र्यांची नावं होती; स्वतःसाठी तिने काहीच मागितलं नाही. कुणी हसलं, कुणी दार लोटून घेतलं. काही बायकांचे डोळे भरून आले. टोपली अर्धी भरली तशी ती गावाकडे निघाली.

वेशीवर पितांबर पहारेकरी बसवलेला होता. त्याने काठी आडवी धरली.

"कोठे चालनी बाई? गाव बंद शे."

"कुत्रासले भाकर देवाले. माणसं त गयात, त्या कोठे जातीन?"

"कुत्रासकरता जीव देशी का?"

ती वेशीतून हलली नाही. शेवटी पितांबरानेच अट घातली: गावात जायचं असेल तर लोकांच्या झोपड्यांत परत यायचं नाही, एकटीने लांब राहायचं. तापीबाईने त्याच दिवशी आपली झोपडी मोडली आणि दोन शेतं पलीकडे बांधली. लोक भाकरी बांधावर ठेवून मागे सरत, मग ती येऊन उचलून नेई.

त्या पहिल्या दिवशी गल्लीत शिरल्यावर तिने जे पाहिलं, ते ती पुढे फार थोड्यांना सांगू शकली. भरदुपार होती, दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं होती, आणि जवळजवळ प्रत्येक दारापुढे त्या घरचं कुत्रं बसलेलं होतं. बरगड्या दिसत होत्या. दुकानांच्या फळ्यांखाली सांडलेलं धान्य होतं, उकिरडे होते, तरी ती आपापलं दार सोडून लांब गेली नव्हती. तापीबाई टोपली घेऊन तशीच खाली बसली.

मग ती रोज गेली. हौदातून पाणी काढून दारोदारी मडक्यांची खापरं भरायची, नाव घेऊन भाकरी टाकायची. परत आली की बांधावरून ओरडून सांगायची, लाल्या बरा शे, चांदीले पिलं व्हयनात. संध्याकाळी झोपड्यांतली माणसं ती बातमी ऐकायला बांधाशी गोळा होऊ लागली.

तेराव्या दिवशी एका कुत्रीने भाकरीला तोंड लावलं नाही. ती धनुबाईची काबरी. रोज पहिली धावून येणारी ती आज दाराच्या फटीत नाक खुपसून कण्हत होती. उंबऱ्याजवळची माती तिने नखांनी उकरली होती. तापीबाईने दाराला कान लावला. आत काहीतरी खरडल्यासारखं वाजलं.

ती वेशीपर्यंत पळत गेली.

"पितांबर, चल! घरमा माणूस शे!"

दोघांनी मिळून दार फोडलं. आत चुलीपाशी म्हातारी धनुबाई पडली होती. घर सोडायचं नाही म्हणून ती कोठीत लपून राहिली होती आणि मुलगा समजत होता, ती लेकीच्या गाडीतून गेली. तिला प्लेग नव्हता. पाय घसरून पडली होती, दोन दिवस पाण्यावाचून. तापीबाईने तिच्या ओठांवर पाणी सोडलं. तोंड ओलं होताच म्हातारी पहिलं बोलली, "काबरीनी खादं का?"

पितांबर बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून टोपली तोच वाहू लागला.

चैत्रात लोक परतले. कुत्री ज्या आनंदाने अंगावर झेपावली, त्याने पुष्कळांना मान वर करता येईना. तापीबाई मात्र प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, "पहिले दारजोडे पानी ठेवा. मंग लाड करा." त्या गल्लीत तेव्हापासून प्रत्येक घरापुढे पाण्याचं भांडं राहिलं. पिलं झाली की ती उकिरड्यावर टाकायची नाहीत, घर शोधून द्यायची, हेही तिनेच लावून दिलं. काबरी धनुबाईच्या मागे दोन वर्षं जगली, ती तापीबाईच्या ओसरीवर. तिचंच एक पिलू, राजा, तापीबाईने पाळलं.

राजा सहा वर्षांचा असताना बाजारात एक कुत्रं पिसाळलं. म्युनिसिपालिटीची माणसं बेवारशी कुत्री मारायला निघाली. ती गल्लीत आली तेव्हा प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात दोरी होती आणि दोरी धरून घरचं माणूस उभं होतं. "हाऊ मन्हा शे," जो तो सांगत होता. म्युनिसिपालिटीची माणसं पुढे सरकत तापीबाईपाशी आली.

"हाऊ बी मन्हा शे," ती म्हणाली. मग राजाच्या मागच्या पायावरचे केस तिने बाजूला केले. "पन काल त्या पिसाळेल कुत्रानी याले चावेल शे."

कुणीही पाहिलेलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. गल्लीत पोरंबाळं होती, एवढंच ती पुढे बोलली. दोरी तिने त्या माणसांच्या हातात दिली नाही, स्वतः धरून गावाबाहेरपर्यंत चालत गेली आणि शेवटपर्यंत राजाच्या डोक्यावर हात ठेवून बसली.

मी तिला पाहिलं ते १९३१च्या सुमाराला. पाठ वाकली होती, नजर अधू झाली होती. आईने मला तिच्या पाया पडायला लावलं. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. म्हातारीने माझा चेहरा चाचपला आणि विचारलं, "तुमना घर कुत्रा शे का? त्याले नाव ठेयेल शे का?"