ओळखीची सही

१९२८ साली एलएल. बी. होऊन मी रत्नागिरीस परतलो तेव्हा कोर्टाच्या आवारात अशिलांपेक्षा वकीलच जास्त होते. काळा डगला आणि कोरी सनद घेऊन आम्ही सात-आठ तरुण बाररूममध्ये माश्या मारीत बसत असू. अशा वेळी वकिलाला जगवतो तो त्याचा कारकून. कोणी वकील हे कबूल करीत नाही. मी करतो. मला रावजींनी जगवले.

रावजी हातखंब्याकडच्या एका वाडीतले, कुणबी घरातले. मराठी सातवी होऊन एका वृद्ध वकिलांकडे लागले आणि ते वारल्यावर माझ्याकडे आले. कसलाही किचकट मोडी कागद ते घडाघडा वाचत. दावा मुदतीत बसतो की नाही, कोणता साक्षीदार ऐनवेळी उलटेल, हे त्यांना माझ्याआधी कळे. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करी. त्यांच्या जातीचा माणूस कारकुनी करतो हेच बाररूममधल्या काही दीडशहाण्यांना खपत नसे, आणि मी त्या थट्टेत खुशाल हसत असे.

एकतीस साली जिल्हा लोकल बोर्डाने आपल्या दाव्यांचे काम बघायला एक कारकून घ्यायचे ठरवले. कायमची नोकरी, म्हातारपणाची सोय. रावजींनी अर्ज केला. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी लिहिलेला तो पहिलाच अर्ज असावा, कारण त्यात खाडाखोड होती! बोर्डाने त्यांना जवळजवळ पसंत केले. फक्त कोर्टाकडून दाखला हवा होता, की वकिलांच्या कारकुनांच्या नोंदवहीत यांचे नाव आहे आणि त्याला कसला डाग नाही.

डाग कुठे पडला होता ते मला ठाऊक होते.

दस्त नोंदवायला निबंधकाच्या कचेरीत माणूस गेला की त्याला ओळखणाऱ्या कोणाची तरी सही लागते. आमच्याकडे ही सही वकिलाचा कारकूनच ठोकून देई. अशील खेड्यातले, त्यांना रत्नागिरीत ओळखणार कोण? 'मी यांस स्वतः ओळखतो' असे लिहायचे आणि मोकळे व्हायचे. सगळेच करीत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आदल्या वर्षी काशीराम नावाचा माझा एक अशील एका बाईला घेऊन आला. ही माझी विधवा भावजय सखू, ही आपला जमिनीतला हक्क सोडते आहे, असे तो म्हणाला. कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. रावजी घुटमळले.

"साहेब, मी हिला कधी बगितलेली नाय."

"काशीराम आपला जुना अशील आहे. कर सही," मी म्हणालो.

त्यांनी केली.

पुढे भाताच्या कापणीला खरी सखू माहेरून आली आणि तिच्या खाचरात दिराची माणसे बघून तशीच रत्नागिरीस धावली. तिने दावा लावला. मी तिला पाहिले आणि समजलो की कचेरीत आलेली बाई कोणी भलतीच होती. काशीरामचे वकीलपत्र मी परत केले. तेवढ्यावर आपण सुटलो, असे मला वाटले.

रावजींना साक्षीचे समन्स आले ते नेमके बोर्डाचा निकाल लागायच्या आठवड्यात. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, "आठवत नाही म्हण. वर्ष झालं, कोण काय म्हणणार?"

कोर्टात सखूला त्यांच्यासमोर उभी केली.

"सही करताना आलेली बाई हीच का?" तिच्या वकिलांनी विचारले.

"नाही. ती दुसरी होती."

"मग तुम्ही 'स्वतः ओळखतो' असं लिहिलंत ते?"

"खोटं लिहिलं."

न्यायाधीशांनी विचारले, "कोणाच्या सांगण्यावरून?"

मी पहिल्याच बाकावर बसलो होतो. रावजींनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "सही माझी आहे," ते म्हणाले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. उठून उभे राहायला मला फार तर एक क्षण लागला असता. मी उठलो नाही.

सखूला तिची जमीन मिळाली. रावजींनी खरे सांगितले म्हणून त्यांच्यावर खटला झाला नाही, पण नोंदवहीतून नाव कमी झाले. बोर्डाची जागा दुसऱ्याला गेली. ते वाडीला निघून गेले.

महिन्याने मी तिकडे गेलो. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, पाणी दिले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "कोर्टातनं घरी आल्यावर दोन दिस जेवान नाय घेतलान त्यांनी." रावजी अंगणात नांगराचा फाळ ठोकीत होते.

"रावजी," मी त्यांना पहिल्यांदाच अहो-जाहो करीत म्हणालो, "उद्याच जाऊन न्यायाधीशांना सगळं सांगतो. माझ्यासाठी तुम्ही केवढं सोसलंत."

त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तुमच्यासाठी नाय, साहेब. तुमचां नाव घेतलां असतां तर माजी चूक कमी झाली असती काय? मी तिला वळखत नव्हतो नि सही केली. माजां मला सांगायचां व्हतां. तुमचां तुमी सांगायचां व्हतां."

मी उपकार मानायला गेलो होतो आणि त्यांनी उपकार केलाच नव्हता. इतकी शरम मला कोर्टातही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी न्यायाधीशांकडे गेलो नाही. त्यानंतरही गेलो नाही. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली आणि ती बातमी ऐकून मला हायसे वाटले.